गाडीचं वजन कुठं बसलंय? पिकअपचे बॉल जॉइंट बदलायला शिकणाऱ्यांसाठी

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका गॅरेजमध्ये मी 2013 साली अप्रेंटिस म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारी एक पिकअप आली. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढच्या डाव्या बाजूनं ‘टक्’ असा आवाज यायचा. अण्णा, म्हणजे आमचे मोठे मिस्त्री, दुसऱ्या गाडीखाली होते, म्हणून मीच चासीखाली जॅक लावला, चाक उचललं, दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि ओरडून सांगितलं, “अण्णा, चाक घट्ट आहे. बॉल जॉइंट चांगलेत.”

अण्णा आले. काही न बोलता त्यांनी जॅक खाली घेतला आणि तोच जॅक खालच्या आर्मखाली, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या हाताखाली, चाकाच्या अगदी जवळ लावला. टायर जमिनीपासून तीन-चार बोटं उचलला, खाली पहार घातली आणि हलकेच वर दाबली. खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, डोळ्यांना दिसेल इतका वर-खाली होत होता. मघाशी माझ्या हाताला तो दगडासारखा घट्ट लागला होता.

“गाडीचं वजन कुठं बसलंय ते आधी बघायचं, पोरा. मग जॅक लावायचा.”

या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं हे वाक्य आहे. खोलताना, तपासताना, बसवताना, प्रत्येक ठिकाणी तेच समोर येतं. म्हणून नवीन मुलांना मी पाने-गोट्या हातात देण्याआधी गाडीखाली झोपायला सांगतो. स्प्रिंग कुठल्या आर्मवर टेकलीय ते शोधा. पुढे डबल विशबोन असलेल्या पिकअपला, उदाहरणार्थ इसुझू डी-मॅक्सला, प्रत्येक बाजूला वरचा आणि खालचा असे दोन आर्म असतात. दोन्हींच्या टोकाला एकेक बॉल जॉइंट असतो आणि मध्ये नकल, म्हणजे चाकाचा हब ज्याच्यावर बसतो तो ओतीव भाग. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल, तर गाडीचं ओझं खालचा जॉइंट वाहतो. वरचा नुसता नकलला जागेवर धरून ठेवतो. अशा गाडीत बहुतेक वेळा खालचाच आधी जातो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर हिशोब उलटा.

आता मी कुठं चुकलो ते लक्षात येईल. चासीखाली जॅक लावला की चाक लोंबतं, पण स्प्रिंग आर्मला खाली ढकलतच राहते. जॉइंटमधला बॉल एका बाजूला दाबून बसलेला असतो, त्यामुळे ढिलाई लपते. आर्मखाली जॅक लावला की स्प्रिंगचा जोर जॅकवर जातो, जॉइंट मोकळा होतो आणि खरं काय ते सांगतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असलेल्या गाडीला मात्र चासीखालीच जॅक लावावा लागतो.

आणखी एक. सगळ्या मालवाहू गाड्यांना बॉल जॉइंट नसतात. छोटा हत्ती म्हणतो ती टाटा एस घ्या. पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे, त्यामुळे तिथं किंगपिन (नकल जिच्याभोवती वळतं ती जाड पिन) आणि बुश येतात. गिऱ्हाईक येऊन “बॉल जॉइंट गेलाय” म्हणालं तरी आधी खाली वाकून बघा. गिऱ्हाईक आवाज सांगतो, भाग आपण शोधायचा असतो.

आवाजाचा शोध घेताना घाई करू नका. चाक वरून आणि खालून धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर तो बॉल जॉइंटचा असेल किंवा व्हील बेअरिंगचा. अशा वेळी एकाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकनं डिस्क आणि नकल एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर जॉइंटकडे बघा. चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हललं तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा नकलला जोडणारा सांधा, तपासा. टायर एका कडेला झिजलाय म्हणून जॉइंट फेकून देऊ नका, नुसती अलाइनमेंट बिघडली तरी टायर तसा झिजतो.

सांगलीत हे काम वाढवलं ते पुरानं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन खोललं, ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, सीट धुतल्या. पुढच्या सस्पेन्शनकडे फार थोड्यांनी पाहिलं. बॉल जॉइंटवर रबरी बूट असतो. त्याला केसाएवढी जरी चीर असली तरी गाळाचं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट सापडत नाही. ग्रीस दुधाळ होतं, मग तांबूस, आणि शेवटी आत वाटण वाटल्यासारखी माती फिरत राहते. पुढच्या वर्ष-दीड वर्षात आमच्याकडे आलेले कितीतरी जॉइंट मी कापून पाहिले, बॉलवर गंजाचे खड्डे होते. म्हणून बूट फाटलेला दिसला की जॉइंट अजून घट्ट असला तरी मी मालकाला बदलायला सांगतो. काही रागावतात. सांगायचं सोडू नका. खालचा जॉइंट चालत्या गाडीत निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टेअरिंग हातात नुसतं फिरत राहतं.

आता खोलण्याकडे येऊ. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मागच्या चाकांना ओंडके लावा, मग चासी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही. तासगावकडे द्राक्षबागेत गाडी बंद पडली म्हणून बोलावणं येतं तेव्हा हे आणखी महत्त्वाचं, कारण आपली काळी माती ओलसर असली की घोडी हळूहळू आत रुतते. आम्ही अर्धा इंच जाडीच्या लोखंडी प्लेटा गाडीतच ठेवतो आणि प्रत्येक घोडीखाली घालतो. जमीन फारच ओली असेल तर मी काम करत नाही, गाडी टोचन करून आणतो.

कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणारा भाग, काढलात तर तारेनं आर्मला किंवा चासीला बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका. एबीएसची वायर असेल तर तीही मोकळी करून ठेवा.

यानंतर खालच्या आर्मखाली जॅक लावून त्याला स्प्रिंगचा भार घ्यायला लावा. हा जॅक म्हणजे तुमचा जीव आहे. आर्म आणि चासी यांच्यामध्ये सुटी स्प्रिंग असलेल्या गाडीत, शॉकॲब्झॉर्बर काढलेला असताना जॉइंट सुटला आणि खाली जॅक नसेल, तर दाबलेली स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते. अशा गाडीत आम्ही स्प्रिंगच्या वेढ्यातून साखळी ओवून चासीला बांधतो. टॉर्शन बार असेल तर त्याचा ॲडजस्टर बोल्ट सैल करण्याआधी किती आटे बाहेर दिसताहेत ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर गाडीची उंची एका बाजूला बसते.

स्प्लिट पिन काढा. कंगोऱ्याचा कॅसल नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या. टेपर, म्हणजे नकलच्या भोकात रुतलेला जॉइंटच्या बोल्टाचा निमुळता भाग, एकदम सुटतो तेव्हा हाच नट आर्मला उडी मारू देत नाही. टेपर सोडवायला पुलर सगळ्यात चांगला. पुलर नसेल तर नकलचा जो भाग टेपरला वेढून असतो, त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या हातोड्याचा खणखणीत ठोका द्या. भोक क्षणभर आकार बदलतं आणि टेपर सुटतो. बोल्टाच्या टोकावर मारू नका, आटे चेपतात आणि टेपर मात्र जागचा हलत नाही. नकल ॲल्युमिनियमचं असेल तर हातोडा लांब ठेवा, तिथं पुलरच.

जॉइंट आर्ममध्ये तीन तऱ्हेनं बसवलेला असतो. बोल्टनं बसवलेला सोपा. कंपनीतून रिव्हेटनं आलेला असेल तर रिव्हेटचं डोकं ग्राइंडरनं काढा, आर्मला काप लागू देऊ नका, आणि नवीन जॉइंटबरोबर आलेले बोल्टच लावा. तिसरा दाबून बसवलेला. त्याची सर्क्लिप आधी काढा, मग प्रेसनं दाबा. मी घाईत असणाऱ्या मुलांना इथं हमखास थांबवतो. नवीन जॉइंट बसवताना प्रेसचा जोर जॉइंटच्या कडेवर पडला पाहिजे, मधल्या झाकणावर नाही. झाकण चेपलं की आतला बॉल जाम होतो, आणि तो नवा जॉइंट बसवल्या दिवसापासून खराब. बरोबर मापाचा पाइपचा तुकडा घ्या, तो सरळ आहे ना ते चारी बाजूंनी बघा. जॉइंट तिरका शिरायला लागला तर परत काढा.

दोन गोष्टी माझ्या हातून होणार नाहीत आणि तुमच्याही होऊ नयेत. जॉइंट आर्ममध्ये सैल बसतोय म्हणून वेल्डिंगचे टाके मारणं ही पहिली. त्या उष्णतेनं आतली प्लॅस्टिकची बैठक आणि ग्रीस जळतं. आर्मचं भोक वाढलंय तर आर्म बदलायचा. दुसरी म्हणजे जुना जॉइंट लेथवर खोलून आत पॅकिंग घालून परत बसवणं. पैसे वाचतात हे खरं, ऊसतोडीच्या हंगामात गाडीवाल्याला एक दिवसही गाडी उभी ठेवायची नसते हेही खरं. पण त्या जॉइंटवर माल आणि माणसं दोन्ही बसतात.

माझी स्वतःची चूक सांगतो. अप्रेंटिसशिपच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा एकट्यानं खालचा जॉइंट बसवला. नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, बरोबर आवळला, पण स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेसमोर येईना. मी नट थोडा मागं फिरवला, पिन घातली आणि गाडी दिली. टेपरलाही बोटभर ग्रीस लावलं होतं, गंजू नये म्हणून. काही आठवड्यांनी गाडी परत आली. टेपर नकलच्या भोकात हलत राहिला होता आणि भोक लांबट झालं होतं. नवीन जॉइंट, नवीन नकल. त्या गाडीत मिरजेहून येताना मालकाची बायको आणि लहान मुलगी होती. अण्णांनी मला शिवी दिली नाही. नकल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “बोट घालून बघ.” त्या भोकाची कड अजून माझ्या बोटाला आठवते.

म्हणून टेपर आणि त्याचं भोक दोन्ही पेट्रोलनं पुसून कोरडं ठक्क करा. टेपर धरतो तो धातूला धातू घट्ट बसल्यामुळे, तिथं ग्रीसचं काम नाही. नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा आणि पिनसाठी खाच जुळली नाही तर पुढेच आवळा, मागे कधी आणू नका. पिन दर वेळी नवी. नट आवळताना बॉल सोबत फिरायला लागला तर जॅकनं आर्म थोडा वर दाबा, टेपर भोकात रुततो आणि फिरणं थांबतं. ग्रीस भरायचं निपल असेल तर बूट जरासा फुगेपर्यंतच ग्रीस मारा, फाटेपर्यंत नाही. आर्मचे बुशाकडचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उतरवून, वजन बसल्यावर शेवटचे आवळा. लोंबत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली आली की रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं. इथंही पुन्हा तोच अण्णांचा प्रश्न.

काम झालं की अलाइनमेंट करायचीच. चाकाचा कोन जुळवणारे कॅम बोल्ट किंवा शिम (पातळ पत्र्या) असतील तर खोलण्याआधी रंगानं खुणा करून ठेवा, म्हणजे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत तरी सरळ जाते.

हे काम शिकायचं कुठं, असं बरीच मुलं विचारतात. दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. नंतर शिकाऊ उमेदवारी करा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तिला विद्यावेतन मिळतं आणि परीक्षा दिल्यावर प्रमाणपत्रही. माझं मत विचाराल तर गॅरेज निवडताना पाटी किती मोठी आहे ते बघू नका. तिथं टॉर्क रेंच वापरात आहे का, घोड्या पुरेशा आहेत का आणि मोठा मिस्त्री जुना भाग कापून मुलांना दाखवतो का, एवढं बघा. टॉर्क रेंच कपाटात कुलूपबंद असेल तर दुसरं गॅरेज शोधा. पहिले सहा महिने तुम्ही बहुतेक चाकं काढणार आणि भाग धुणार. धुताना प्रत्येक भाग कुठं झिजलाय ते बघत राहा. मी निम्मं काम डिझेलच्या तसराळ्यापाशीच शिकलो.

गाडी दिल्यावर पहिल्या 100 किलोमीटरला चाकाचे नट आणि जॉइंटचे बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. मी वहीत गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो आणि चौथ्या दिवशी मालकाला फोन करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची धांदल असते, कुणीही गॅरेजकडे फिरकत नाही. मग टॉर्क रेंच आणि टॉर्च घेऊन मीच संध्याकाळी फळ मार्केटच्या गेटवर जाऊन उभा राहतो, क्रेट उतरेपर्यंत गाडीखाली बघून होतं.