लोंबणारा गेज आणि ऑक्टोपस: जुन्या सायकल ट्यूबचा उपाय

कोल्हापुरातून घाट उतरून मालवणला स्कूबा डाइव्हला जाणाऱ्यांचा नेहमीचा त्रास: प्रेशर गेज (टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा) आणि ऑक्टोपस (जोडीदाराला श्वास घ्यायला द्यायचा जादा रेग्युलेटर) मोकळे लोंबतात, खडकात अडकतात, ऑक्टोपसमध्ये वाळू शिरते. तयार क्लिप महाग. निघण्याआधी गावातच एवढं करा.

१. सायकलच्या दुकानातून जुनी, रद्दीतली ट्यूब घ्या. आडवे काप देऊन बोटभर रुंदीची चार-पाच कडी करा. दोन जास्तीची खिशात ठेवाच.

२. एक कडं बीसीडीच्या (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) छातीवरच्या उजव्या डी-रिंगमध्ये (D आकाराची धातूची रिंग) स्वतःतूनच ओवून आवळा. उरलेल्या फासात ऑक्टोपसचा माउथपीस खोचा, तोंड खाली ठेवून. हनुवटी आणि खालच्या बरगड्यांच्या मधे, जोडीदाराला समोरून दिसेल असा.

३. गेजच्या होजला (नळीला), गेजच्या मानेशी, २ मिमी नायलॉन दोरीने स्टेनलेस किंवा पितळी बोल्ट स्नॅप (खटका सरकवून उघडायचा हुक) बांधा. दोरीची टोकं काडीने वितळवा, नाहीतर गाठ सुटते. स्नॅप डाव्या कमरेच्या डी-रिंगला. साधा लोखंडी घेतलात तर खाऱ्या पाण्यात गंजून स्प्रिंग अडकते. आणि दोरीच वापरा, तारेने बांधू नका; स्नॅप अडकला तर पाण्याखाली चाकूने दोरी कापता येते, तार नाही.

सावधान: ऑक्टोपस एका झटक्यात, एका हाताने निघालाच पाहिजे. किनाऱ्यावर हातमोजे घालून ओढून बघा. घट्ट वाटला तर कडं बदला. चिरा पडलेलं रबर लगेच टाका.