अंतर्गत कलह आणि परकीय युद्ध यांचा संबंध कसा तपासावा

हा संबंध अभ्यासू पाहणाऱ्या नागपूरकराने सीताबर्डीच्या टेकडीपासूनच सुरुवात करावी. वहीत दोन रकाने आखून एकात घरातील आणि दुसऱ्यात बाहेरील घटना तारखेनिशी लिहाव्यात. १८१६ च्या मार्चमध्ये नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले वारले, त्यांचे असमर्थ पुत्र परसोजी यांच्या कारभारावरून दरबारात गट पडले आणि मे महिन्यात परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी स्वतःचे आसन बळकट करण्यासाठी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या वर्षी परसोजींचा खून झाला आणि २६ नोव्हेंबर १८१७ रोजी त्याच इंग्रजांशी सीताबर्डीवर लढाई जुंपली. हा क्रम मला आजही अस्वस्थ करतो.

मात्र दोन घटना लागोपाठ घडल्या, एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडली असे मानू नये. निर्णय कोणी घेतला आणि त्याला तेव्हा कोणाचे भय होते, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. अर्जेंटिनात ३० मार्च १९८२ रोजी लष्करी राजवटीविरुद्ध मोठी निदर्शने झाली आणि २ एप्रिलला ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर तिचे सैन्य उतरले. परंतु मोहिमेची तयारी आधीपासूनच सुरू होती. उलट दिशाही पाहावी: १९०५ मध्ये जपानशी युद्ध चालू असतानाच रशियात क्रांती उसळली.