रिव्हर्स सेन्सर उगाच बोंबलतोय?

मागे काहीच नसताना टूं-टूं चालू असेल, तर आधी गाडीच्या मागच्या बंपरवरच्या बटणाएवढ्या चकत्या (हेच सेन्सर) ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात बऱ्याच तक्रारी चिखलाच्याच असतात. सैल नंबरप्लेट किंवा बाहेरून बसवलेला बंपर गार्डही सेन्सरला अडथळा वाटतो.

तरीही थांबेना? सपाट जागी हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा आणि रिव्हर्स गिअर टाका. आता एकेका चकतीला कान लावा. चालू सेन्सर बारीक टिकटिकतो, बोटालाही थरथर जाणवते. जो गप्प, तोच संशयित. पण लगेच नवा घेऊ नका. मेकॅनिकला तो शेजारच्याशी अदलाबदल करायला सांगा. बिघाडाने जागा बदलली तर सेन्सर गेलाय, बिघाड तिथेच राहिला तर वायर किंवा कनेक्टर बघा.