बाराखडी तोंडपाठ, पण वाचता येत नाही: डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मराठी वाचायला कसं शिकवावं

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला अख्खी बाराखडी न अडखळता म्हणता येत होती. समोर 'पिशवी' लिहिलं की मात्र तो 'पशवी' वाचायचा, मग 'पाशवी', आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघत 'पिवशी'. घरी रोज प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेत होते. वह्या भरत होत्या, वाचन जागच्या जागी होतं.

डोळे आणि कान तपासून घेतलेत असं मी धरून चालते. नसतील तर आधी ते करा.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला शिकणं जड जाणं. तो ओळखायचा कसा? अक्षर उलटं काढलं म्हणजे डिस्लेक्सिया, हे डोक्यातून काढून टाका. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं उलटसुलट लिहितात. बघायचं ते वेगळंच. गोष्ट ऐकून मूल ती रंगवून सांगतं, तोंडी हिशोब पटकन करतं, पण तोच मजकूर वाचायला दिला की घामाघूम होतं. वरच्याच ओळीत वाचलेला शब्द खाली पुन्हा आला तर त्याला नवाच वाटतो. काना-वेलांट्या गळतात, शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने ठोकून दिलं जातं. फळ्यावरून उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. घरात काका, आत्या, बाबा यांपैकी कुणी 'शाळेत वाचायला फार त्रास व्हायचा' असं सांगत असेल तर ते मनावर घ्या, कारण हे घराण्यात चालत येतं. बुद्धीशी याचा संबंध नाही आणि आळसाशी तर मुळीच नाही. शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडणं या मुलांच्या मेंदूला जड जातं. म्हणून डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचे चष्मे यांवर पैसे घालवू नका.

तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलाची फक्त इंग्रजीतून चाचणी घेतली तर त्याला वाचता येत नाही की इंग्रजी येत नाही, हे कळणार कसं? मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा चाचणीसंच आणला, तो मराठीतही आहे. मानसशास्त्रज्ञांकडे त्याची चौकशी करा.

आता शिकवणं. आधी आठवडाभर अक्षरं बाजूला ठेवा आणि फक्त आवाजांशी खेळा: 'पि-श-वी' म्हणत तीन टाळ्या, 'शेवटी काय ऐकू आलं?', 'वी काढला तर काय उरलं?' मग अक्षरं, एका वेळी पाच. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य या जोड्या एका आठवड्यात कधीही आणू नका.

यानंतरचा टप्पा वेलांटीचा. इथे मी दोन वर्षं चुकीचं शिकवत होते. 'प ला पहिली वेलांटी पि' हे मुलांकडून शेकडो वेळा घोकून घ्यायचे. मुलं ते गाण्यासारखं म्हणायची आणि वाचताना तिथेच घसरायची. कारण माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते पहिल्या वेलांटीच्या घडणीतच आहे. 'पि' म्हणताना आधी प ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते, प नंतर. तुम्हाआम्हाला हे जाणवतही नाही. ज्या मुलाला आवाज आणि खूण यांची सांगड घालणंच अवघड, त्याला आपण पहिल्याच महिन्यात उलटा क्रम देतो.

म्हणून बाराखडीचा क्रम सोडा. माझं यावर ठाम मत आहे, आणि आजीआजोबांचा विरोध झाला तरी सोडा. आधी काना: काका, मामा, चाक. तो पक्का झाला की दुसरी वेलांटी: आजी, गाडी, पाणी, माती. ती अक्षराच्या उजवीकडे येते, त्यामुळे दिसण्याचा आणि ऐकण्याचा क्रम एकच राहतो. पहिली वेलांटी त्यानंतर किमान तीन आठवड्यांनी.

ती आणताना जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापा. अक्षरं काळ्या शाईने, वेलांटी वेगळ्या पट्टीवर लाल शाईने. मुलासमोर प ठेवा. तो 'प' म्हणेल. मग वेलांटीची पट्टी उजवीकडून त्याच्याच हाताने उचलायला लावा, 'इ' म्हणत प च्या डोक्यावरून डावीकडे न्यायला लावा, आणि खाली टेकताच 'पि'. हात, तोंड आणि डोळे एकाच वेळी कामाला लागतात. लिहिताना हाच क्रम: आधी बोटभर जागा सोडून प, मग त्या जागेत वेलांटी. शाळेत वेलांटी आधी काढायला शिकवत असतील, तर अक्षराचं वळण बिघडेल असंही बाई सांगतील. बिघडू दे. दिवा, विळा, निळा, चिमणी, हिरवा एवढेच शब्द दोन आठवडे पुरतात.

रोज दोन-तीन अर्थ नसलेले शब्दही द्या: निटा, बिमो, दिळू. ओळखीचा शब्द मूल अंदाजाने मारून नेतं. 'बिमो' वाचायला आवाज जोडावेच लागतात, तेव्हा जमलंय की नाही ते लगेच कळतं.

दोन गोष्टी अजिबात करू नका. पहिले सहा महिने ऱ्हस्व-दीर्घाला लाल रेघ मारू नका. बोलताना आपण दोन्ही जवळपास सारखंच म्हणतो, मग त्याने फरक कुठून ऐकायचा? आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. हात चालतो, आवाज जोडला जात नाही, आणि चुकीचंच वळण पक्कं होतं. पंधरा मिनिटं, रोज, एवढंच.

तो चौथीतला मुलगा पाचव्या आठवड्यात एसटीच्या पाटीसमोर थांबला. ओठ हलले, बोट हवेत उजवीकडून डावीकडे गेलं, आणि म्हणाला, 'शि... शिरवळ.' आई तिकिटाचे सुटे पैसे मोजत होती, ती मोजायचीच थांबली.

जोडाक्षरांत खरी अडचण र ची. 'सूर्य'मध्ये र आधी ऐकू येतो आणि बसतो य च्या डोक्यावर, म्हणजे वेलांटीच्या बरोबर उलट. सुटं 'सू र य' मांडा आणि र ची पट्टी उचलून वर चढवायला लावा. खुर्ची, गर्दी, सूर्य एका महिन्यात. चक्र, प्रकाश त्यानंतरच्या महिन्यात. दोन्ही एकत्र कधीच नाही.

शाळेतल्या बाईंना एकच विनंती करा: वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नका.

डिस्लेक्सियाच्या सरकारी दाखल्याचं काम आठव्या वर्षाच्या आसपास हाती घ्या, दहावीची वाट बघू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो, आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दाखला ठरलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयातूनच लागतो. मुंबईत शीव, नायर आणि केईएम रुग्णालयांत ही सोय आहे. तपासणीला एकापेक्षा जास्त फेऱ्या होतात. जाताना निबंधाच्या आणि शुद्धलेखनाच्या जुन्या वह्या तारखांसकट न्या. नीटनेटकी नवी वही नेऊ नका, खाडाखोडीचीच न्या.

आणि इतिहास-विज्ञानाचे धडे तुम्ही त्याला मोठ्याने वाचून दाखवत राहा, अगदी सातवी-आठवीतही. वाचन मागे आहे म्हणून त्याचं जाणून घेणं मागे पडता कामा नये. ज्या दिवशी तो पट्ट्या ढकलून देईल त्या दिवशी पट्ट्या गोळा करून डब्यात ठेवा आणि त्याला आवडती गोष्ट वाचून दाखवा, पंधरा मिनिटंच.