सिरपूर तलावावर चित्र काढायला जाताय? आधी सावली आखून घ्या

इंदूरच्या धार रोडवरचा सिरपूर तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला जाता तशी एक लहान स्केचबुक आणि 4बी (मऊ, गडद उमटणारी) पेन्सिलही न्या.

बसल्याबसल्या पानं-फांद्या काढायला घेऊ नका. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चौकट आखा, डोळे किलकिले करा आणि फक्त तीन छटा भरा: उजळ, मधली, गडद. सावल्या कुठे पडल्यात ते पहिल्या पाच मिनिटांतच नक्की करा आणि मग बदलू नका. सकाळचं ऊन भराभर सरकतं. तासाभराने सावली पाहून चित्र दुरुस्त करायला गेलात, की उजेड दोन्हीकडून आल्यासारखा दिसतो. माझी कितीतरी चित्रं अशीच बिघडली.

रंग घरी आल्यावर. ट्यूबमधला तयार हिरवा तसाच लावू नका, तो प्लास्टिकसारखा वाटतो. अल्ट्रामरीन निळा आणि पिवळा मिसळा, वर कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). बाभळीचा धुळकट हिरवा बरोबर उतरतो. पलीकडच्या काठावरच्या झाडांना निळा जास्त, पाणी भरपूर, कडा ओलसर. मधल्या हवेमुळे लांबचं फिकट आणि निळसर दिसतं, म्हणून. पाण्यातलं प्रतिबिंब मात्र उजळ वस्तूचं थोडं गडद ठेवा.

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे याच इंदुरात देवळालीकर मास्तरांकडे चित्रकला शिकले. आपल्या गावाचं ऊन कागदावर उतरवायला आपणही बसायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. येत्या रविवारी सातच्या आत तलावावर पोहोचा.