इन्कम टॅक्सचं रिटर्न भरा ना, कापलेले पैसे सोडता कायले?
कापूस-सोयाबीनवर टॅक्स नाई म्हणून आपल्याकडं बरेच जण रिटर्नच भरत नाई, अन् इकडं बँकेनं एफडीच्या व्याजातून 10 टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारले भरलेला टॅक्स) कापलेला असते तो तसाच पडून राहते. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा हिशोब) उघडा, पासबुक घेऊन बसा अन् एकेक एंट्री जुळवा. 2023 मधी बाबांचे कापलेले 5,640 रुपये तिथं दिसले तवा त्यांनी चष्मा पुसून परत पाह्यलं.

आता एरियर्स. झेडपीच्या मास्तरले मागच्या सालांचा पगार एकदम भेटते, मंग टॅक्सही त्याच साली जास्त बसते, त्यावर कलम 89 ची सूट आहे, नव्या रिजीममधी (टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत) पण. फक्त ही सूट मागायचा फॉर्म 10ई आधी ऑनलाइन भरा, मंगच रिटर्न. मी विसरलो, सूट गेली अन् वरून नोटीस, दोन रात्री झोप नाई बावा!

फॅमिली पेन्शनवाल्या मावश्यांले तर कोणी सांगतच नाई. पेन्शनचा एक तृतीयांश किंवा 15,000 (नव्या रिजीममधी 25,000), जे कमी ते टॅक्सच्या उत्पन्नातून वजा होते, पावती-बिवती काही लागत नाई.

साठीच्या वरच्यांले व्याजावर 50,000 पर्यंत कलम 80टीटीबीची सूट आहे, पण जुन्या रिजीममधीच.

रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा (रिटर्न आपलंच हाय हे ऑनलाइन पक्कं करा), अन् बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट (तपासून पक्कं) केलेलं पाहिजे, नाईतर रिफंड अडकते.