पावसात सायकल पंक्चर झाली तर: ट्यूब बदला, पॅच घरी लावा

मुळशी धरण मागे टाकून ताम्हिणीकडे निघालो होतो आणि मागचे चाक बसले. पाऊस धो धो कोसळत होता. पिशवीत पंक्चरचे सामान होते, जादा ट्यूब मात्र नव्हती. ट्यूब घासली, सोल्यूशन लावले, पॅच दाबला, हवा भरली. थोड्याच वेळात पॅच सुटून आला. दुसराही सुटला. तिसऱ्याला सोल्यूशन संपले आणि पुढचे अंतर सायकल ढकलत चालत काढले. ओल्या रबरावर सोल्यूशन धरतच नाही, हे त्या दिवशी पक्के कळले. तेव्हापासून पावसाळ्यात दोन ट्यूब बरोबर असल्याशिवाय मी शहराबाहेर पडत नाही.

पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात हा भास नाही. रबर कापायच्या सुरीला पाणी लावले की ती सहज चालते. ओल्या टायरमध्ये काच तशीच सहज शिरते. कोरड्या दिवसांत टायरला लागून उडून जाणारी कचही ओली असली की टायरला चिकटून राहते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात आणखी आत रुतते. शिवाय वाहते पाणी रस्त्यावरची सगळी खडी, काच आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा कडेला आणून टाकते, आणि आपण नेमके कडेनेच जातो. डबक्याखालचा खड्डा दिसत नाही, हे वेगळेच.

थांबायचे कुठे

हवा गेल्याचे जाणवताच रिमवर सायकल दामटू नका. उतरा आणि ढकलत आडोशापर्यंत न्या: एसटीचा थांबा, चहाची टपरी, देवळाची ओसरी. घाटात दरडीच्या बाजूला किंवा वळणावर थांबू नका, मग थोडे जास्त चालावे लागले तरी चालेल. मागचा लाल दिवा चालू ठेवा; अशा पावसात काचेआडून चालकाला आपण फार उशिरा दिसतो.

खरेच पंक्चर आहे का?

साध्या सायकलला, म्हणजे जिच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी वालट्यूब असते तिला, हे आधी तपासा. हवा भरा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर ट्यूब चांगली आहे, वालट्यूब सडली आहे. ती बदलायला मिनिटभर पुरते. दोन-चार वालट्यूब खिशात मावतात, त्या ठेवाच.

चाक काढणे

मागचे चाक असेल तर साखळी आधी सगळ्यात लहान चक्रीवर आणा. रिमला घासणारे ब्रेक असतील तर ते सैल करा. चाक काढून ते चिखलात किंवा वाळूत आडवे ठेवू नका, कुठेतरी टेकवून उभे ठेवा. टायरमध्ये गेलेली चिमूटभर वाळू ट्यूबला आतून घासत राहते आणि काही दिवसांनी विनाकारण वाटणारे पंक्चर होते.

उरलेली सगळी हवा सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबत दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवा. एवढे नीट केले की टायर ढिला पडतो आणि टायर उचकटायच्या पट्ट्यांना जोर लावावा लागत नाही. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने पट्टी घाला आणि एकच कड बाहेर काढा. ट्यूब काढताना तिची कुठली बाजू टायरच्या कुठल्या बाजूला होती हे लक्षात ठेवा.

कारण शोधणे

घाई करायची नाही ती इथे. नवी ट्यूब घालून पुढे दोन किलोमीटरवर पुन्हा थांबलेले जे सायकलस्वार मी पाहिले, त्यांनी बहुतेक ही पायरी गाळलेली होती. काटा टायरमध्येच राहिला तर दुसरी ट्यूबही जाणार.

काढलेल्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरा आणि जवळच्या डबक्यात फिरवा. पावसाने केलेला एवढा एकच उपकार: बुडबुडे पाहायला घमेले शोधावे लागत नाही. छिद्र सापडले की ट्यूब टायरशेजारी धरून व्हॉल्व्हपासूनचे अंतर जुळवा. काटा कुठे असेल ते कळते. बाहेरून टायर वाकवून पाहा, चिरा उघडतात आणि आतली कच दिसते.

आतून बोटे फिरवायची सवय असते, पण गारठलेल्या बोटांना बारीक तार लागत नाही, आणि लागली तर रक्तच काढते. त्यापेक्षा सुती फडका आतून फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. तारेला किंवा बाभळीच्या काट्याच्या टोकाला धागा अडकतो. चिमट्याने किंवा नेलकटरने ते ओढून काढा. त्याच फडक्याने टायर आणि ट्यूबखाली रिमवर बसवलेली पट्टी पुसा. वाळू दिसली तर बाटलीतले स्वच्छ पाणी ओता आणि मग पुसा. इथे ओल राहिली तरी चालते, खडा राहिलेला चालत नाही.

ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा शोधू नका. चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटली आहे. पकड मिळावी म्हणून पावसात बरेचजण हवा थोडी कमी ठेवतात. पाच-दहा पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) कमी केली तर हरकत नाही. त्याहून कमी केलीत तर असे चिमटे बसणारच.

टायरलाच मोठी चीर पडली असेल तर आतून गेटर, म्हणजे चीर झाकणारा तुकडा, टाका. दुकानात जुन्या टायरचा तुकडा वापरतात. आपल्याकडे नसेल तर टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा किंवा चार पदरी घडी केलेली दुधाची पिशवी घरी पोहोचवते.

नवी ट्यूब

ट्यूबमध्ये गोल आकार येईल इतपतच हवा भरा, म्हणजे ती पिळत नाही. व्हॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब बसवा आणि कड व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग ताठ असतो आणि ओला टायर हातातून निसटतो. फडका धरून तळहाताने ढकला. इथे पट्टी वापरली की नवी ट्यूबच फाटायची भीती. बसल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा आणि ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पूर्ण चाक फिरवून पाहा. मग हवा.

हवा भरायला पंपाऐवजी कार्बन डायऑक्साइड गॅसची नळकांडी वापरत असाल तर ती रिकामी होताना बर्फासारखी गार होते. ओल्या हाताने उघडी धरू नका. हा वायू ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर निघून जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी पंपाने हवा भरा. सैल केलेला ब्रेक पुन्हा आवळल्याशिवाय बसू नका.

ट्यूबच नसेल तर

मग पॅचशिवाय गत नाही, पण छत हवेच. पंक्चरवाले काका करतात तसे चाक न काढता टायरची एक बाजू उघडून छिद्राजवळची तेवढीच ट्यूब बाहेर ओढा. कोरड्या रुमालाने पुसा, सँडपेपरने घासा, पुन्हा पुसा. सोल्यूशन पातळ पसरा आणि थांबा. उन्हाळ्यात पाच मिनिटे पुरतात. दमट हवेत दुप्पट वेळ द्या. बोटाला चिकटेनासे झाले की पॅच दाबा. कोरडा रुमाल उरला नसेल तर अंगातल्या बनियनचे आतले टोक कामी येते.

घरी आल्यावर

पंक्चर ट्यूब धुऊन रात्रभर वाळत टाका आणि दुसऱ्या दिवशी निवांत पॅच लावा. टायरवरून बोट फिरवून रुतलेल्या कचा काढा. पावसाळ्यात हे मी दर दोन दिवसांनी करतो. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की आतल्या आत सुकते, तेव्हा दाबून पाहा. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, घट्ट गुंडाळा, रबर लावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पिशवीत कोरडा फडकाही ठेवा, आणि तिचे तोंड गाठ मारून बंद करा.